चुंबकाचा जोर आणि गिटारचा सूर: एका पिकअपच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आतेभाऊ ओवाळून घ्यायला आला तो गिटार घेऊनच. स्ट्रॅटोकॅस्टर धाटणीची इलेक्ट्रिक गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांखाली बसवलेला, तारेच्या हालचालीचा विजेचा सिग्नल करणारा भाग), तिन्हींत अल्निको ५ या मिश्रधातूच्या चुंबकी कांड्या. तक्रारी दोन. नेक पिकअपवर, म्हणजे गिटारच्या दांड्याकडच्या पिकअपवर, सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे दाबली की सूर डळमळतो आणि ट्यूनर एका जागी ठरत नाही. आणि ब्रिजजवळचा, म्हणजे तारा अंगावर जिथे अडकवलेल्या असतात तिथला, पिकअप कानाला टोचतो. निदान तो आधीच करून आला होता. "ताई, यातले चुंबक फार जोरदार आहेत. अल्निको २ चा सेट घालूया. सगळं मऊ होईल."

गिटार वाजवणाऱ्यांत हे कोष्टक पाठ असतं: अल्निको ५ खणखणीत, अल्निको २ मऊ, अल्निको ३ क्षीण पण स्वच्छ, सिरॅमिक कर्कश. कोष्टक खोटं आहे असं मला वाटत नाही. इतक्या कानांना एकच गोष्ट ऐकू येते तेव्हा तिथे काहीतरी असतंच. पण कांडी बदलली की एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. चुंबकाचा जोर बदलतो, धातूची घडण बदलते, त्या धातूमुळे कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध, बदलतो. मग मऊपणा नक्की कशातून आला? हे सुटं करून बघितल्याशिवाय त्याला सेटवर पैसे घालू देणार नाही, असं सांगितलं. गिटार ठेवून गेला आहे.

५ नोव्हेंबर

आधी कागदावर.

पिकअपमधला चुंबक थेट आवाज पकडत नाही. तो आधी पोलादी तारेला चुंबक बनवतो. ती चुंबक झालेली तार हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाप्रमाणे कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. म्हणजे चुंबकाचं पहिलं काम तारेत चुंबकत्व भरणं. दुसरं काम कोणी सांगितलेलं नसताना तो करतो: तारेला स्वतःकडे ओढतो. आणि तिसरं, कांडी कॉइलच्या मधोमध बसलेली असल्यामुळे ती कॉइलचा गाभा होते. हा गाभा चुंबकीय रेषांना किती सहज वाट देतो यावर कॉइलचा इंडक्टन्स ठरतो. तिसऱ्या कामात चुंबकाच्या जोराचा संबंध जवळजवळ नाही, धातूचा आहे. माझी सगळी शंका इथेच आहे.

अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचा मिश्रधातू. जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा एक जोरकस चुंबकी मिश्रधातू शोधला, तिथून ही सगळी घराणी निघाली. अल्निको ५ मध्ये सुमारे २४ टक्के कोबाल्ट असतो आणि उष्णता देऊन थंड करताना तो चुंबकीय क्षेत्रात ठेवतात, त्यामुळे एका दिशेने तो फार जोरकस होतो. अल्निको २ मध्ये कोबाल्ट साधारण १३ टक्के, अल्निको ३ मध्ये नाहीच. धातूत उरणारं चुंबकत्व कोष्टकात पाहिलं तर ५ साठी सुमारे १२,५०० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), २ साठी ७,५००, ३ साठी ७,००० च्या आसपास.

हे आकडे पाहून पिकअपच्या तोंडाशी १२,००० गॉस असतील अशी समजूत होते. तसं नसतं. ते आकडे बंद चुंबकीय वाटेचे आहेत. पिकअपची कांडी साधारण ४.८ मिमी जाड आणि १७ मिमी लांब. इतकी आखूड आणि दोन्ही टोकांनी उघडी कांडी स्वतःचंच चुंबकत्व खाली ओढते. शिवाय एकाच दिशेला तोंड करून शेजारी उभ्या सहा कांड्या एकमेकींना थोडं आणखी दाबतात. प्रत्यक्ष तोंडाशी अल्निको ५ ला हजार गॉसच्या आसपास मिळतात.

इतिहासात हा चुंबक निवडीचा प्रश्न नेहमी आवाजाचा नव्हता. १९५४ च्या सुरुवातीच्या स्ट्रॅटोकॅस्टरमध्ये फेंडरने अल्निको ३ वापरला, मग ५ कडे वळले. गिब्सनच्या पन्नाशीच्या दशकातल्या हंबकरमध्ये, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, वेगवेगळ्या प्रतींचे अल्निको सापडतात. हाताशी जो आला तो बसवला. आणि १९७८ मध्ये झाईरमधल्या (आजच्या काँगोमधल्या) शाबा प्रांतात लढाई पेटून कोबाल्टची टंचाई झाली, तेव्हा स्पीकरपासून अनेक ठिकाणी अल्निकोची जागा फेराइटने, म्हणजे सिरॅमिक चुंबकाने, घेतली. आज ज्या प्रतींना आपण स्वभाव चिकटवतो त्यांच्या निवडीमागे कित्येकदा बाजारभाव होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

९ नोव्हेंबर

पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. एसएस४९ई हा चुंबकीय क्षेत्र मोजणारा साधा हॉल सेन्सर घेतला. ५ व्होल्टवर चालतो, क्षेत्र नसताना मधोमध अडीच व्होल्ट देतो आणि दर गॉसला साधारण १.४ मिलिव्होल्टने सरकतो. अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या दहा बिटांच्या मापात एक पायरी म्हणजे साडेतीन गॉस. या कामाला पुरेसं आहे.

अडचण एकच. या सेन्सरची खात्रीची कक्षा ६५० गॉसपर्यंतची आहे, पुढे तो सपाट होऊ शकतो. म्हणून कांडी आणि सेन्सर यांच्यामध्ये १ मिमी प्लास्टिकचा तुकडा कायमचा चिकटवला. माझी सगळी मापं "१ मिमीवरची" असतील. दुसऱ्या कोणाच्या तोंडाशी घेतलेल्या मापांशी ती थेट ताडू नयेत.

वायरचा घोळ घालून सोडवला. पिकअपवाले वायरची जाडी अमेरिकन मापात, ४२ एडब्ल्यूजी, म्हणतात, ती ०.०६३५ मिमी. आपल्याकडे मोटर रिवायंडिंगवाले एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापात बोलतात आणि त्यात नेमकी ती जाडी नाही. ४६ नंबर ०.०६१ मिमी पडतो. दुकानातले काका म्हणाले, "एवढी बारीक पंख्यालाही लागत नाही हो, घड्याळवाले न्यायचे पूर्वी." ४६ घेतली. किंचित बारीक असल्याने रेझिस्टन्स थोडा वाढेल, पण वेढे तितकेच ठेवले की इंडक्टन्सला फरक पडत नाही.

अल्निको २, ३ आणि ५ च्या कांड्या कुरियरने आल्या आहेत. ५ चे दोन संच मागवले होते.

१६ नोव्हेंबर

कॉइल झाली. शिवणयंत्राची मोटर, पायाचा रेग्युलेटर, वेढे मोजायला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा). ८,००० वेढे, प्लास्टिकच्या बॉबिनवर. प्लास्टिकची मुद्दाम घेतली: जुन्या पद्धतीच्या फायबरच्या बॉबिनमध्ये वायर सरळ कांड्यांवरच गुंडाळलेली असते आणि कांडी ढकलली की आतला वेढा तुटतो. इथे कांड्या भोकात सरकवायच्या आणि काढायच्या, कॉइल तीच राहते.

रेझिस्टन्स ६.३ किलोओहम.

१७ नोव्हेंबर

आज कांड्यांची मापं आणि चुंबक कमजोर करण्याचं काम.

पूर्ण भरलेली अल्निको ५: बॉबिनमध्ये बसवल्यावर १ मिमीवर ६२० गॉसच्या आसपास. अल्निको २: ४२०. अल्निको ३: ३८०. सहा कांड्यांमध्ये थोडा फरक आहेच. कडेच्या दोन जरा वर, मधल्या जरा खाली, कारण मधल्यांना दोन्हीकडून शेजार आहे.

आता ५ चा दुसरा संच निम्म्यावर आणायचा. निओडिमियमचा ठोकळा घ्यायचा, कांडीला तो दूर ढकलेल ती बाजू तिच्याकडे करायची आणि लांबून हळूहळू जवळ न्यायचा, परत न्यायचा, मापायचं. अल्निको सहज उतरणारा चुंबक आहे. अल्निको ५ असेल तर ६४० ओर्स्टेडच्या (हवेत ओर्स्टेड आणि गॉस यांचा आकडा एकच) विरुद्ध क्षेत्रात तो पार रिता होतो, त्यामुळे ठोकळा दहा-बारा मिमीवर आला तरी आकडा उतरायला लागतो. घाई केली तर कांडी उलटी भरते, म्हणून मी प्रत्येक खेपेला थोडंच जवळ जाते. परत भरायची असेल तर व्हाइसच्या दोन जबड्यांना विरुद्ध ध्रुवांचे दोन ठोकळे लावून मधून अख्खा पिकअप सरकवायचा, एका झटक्यात पूर्ण भरतो. हे दोन ठोकळे एकमेकांवर आपटतात तेव्हा बोट सापडलं तर हाड मोडू शकतं. जाड हातमोजे, आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर हे काम तिथे करूच नये.

दुसरा संच ३१० गॉसवर स्थिर.

जुने पिकअप गोड वाजतात कारण काळाने त्यांचे चुंबक दमले, असं ऐकते. नुसत्या काळाने अल्निको फार थोडा उतरतो. त्याला उतरवतं ते बाहेरचं क्षेत्र: शेजारी उलटा ठेवलेला दुसरा पिकअप, स्पीकरचा चुंबक, कपाटात एकावर एक टाकलेल्या सुट्या कांड्या.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान उरकलं आणि दिवसभर टेबलापाशी.

आजचा प्रयोग हा या सगळ्याचा कणा आहे. पिकअपच्या वर एक छोटी कॉइल ठेवून तिच्यातून संगणकाच्या साउंडकार्डने खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सी पाठवायच्या आणि पिकअप काय देतो ते नोंदवायचं. पिकअपवर खऱ्या गिटारइतकाच भार: २५० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या फिरत्या बटणांचे रेझिस्टर), केबलच्या जागी ४७० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर, पुढे १ मेगाओहम. कॉइलमधलं व्होल्टेज फ्रिक्वेन्सीबरोबर आपोआप चढतं, ती चढण गणिताने काढून टाकली की उरते ती पिकअपची स्वतःची चाळणी: एका ठिकाणी उंचवटा आणि त्याच्या वर उतार. हा उंचवटा कुठे आहे आणि किती टोकदार आहे, यातच पिकअपचा बराचसा स्वभाव असतो.

या मापनात हलणारी तार नाही. म्हणून तारेत चुंबकत्व भरणं आणि तारेला ओढणं ही दोन्ही कामं बाहेर गेली आणि फक्त तिसरं, गाभ्याचं काम उरलं.

पूर्ण अल्निको ५: इंडक्टन्स २.३६ हेन्री, उंचवटा ४.३ किलोहर्ट्झच्या जरा वर. निम्मा अल्निको ५: दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या तर वेगळ्या दिसत नाहीत. चुंबकाचा जोर अर्धा झाला आणि पिकअपच्या चाळणीला पत्ता लागला नाही.

अल्निको २: २.५५ हेन्री, उंचवटा ४.१७ वर. अल्निको ३: २.६ हेन्री, ४.१३ वर. म्हणजे २ आणि ३ खरोखर किंचित गडद आहेत, पण जोर कमी आहे म्हणून नाही. त्यांचा धातू चुंबकीय रेषांना थोडी जास्त वाट देतो, इंडक्टन्स वाढतो, उंचवटा खाली येतो. अल्निको ३ चा जोर सगळ्यात कमी आणि इंडक्टन्स सगळ्यात जास्त, त्यामुळे ऐकणाऱ्याने दोन्ही गोष्टींचा धागा जोडणं साहजिक होतं.

हा फरक केवढा? चार-पाच टक्के. संगीतात मोजायचा तर एका अर्धस्वरापेक्षाही कमी.

२४ नोव्हेंबर

४७० च्या जागी ९४० पिकोफॅरॅड लावून पाहिले, म्हणजे केबल दुप्पट लांब केल्यासारखं. उंचवटा ४.३ वरून ३.२ किलोहर्ट्झवर उतरला. अल्निकोची प्रत बदलून जेवढं सरकलं त्याच्या कितीतरी पट. आतेभावाला फोनवर विचारलं, केबल किती लांब आहे. "कोणती? तीन-चार आहेत." त्याने आजवर प्रत्येक ठिकाणी वेगळा पिकअपच वाजवला आहे म्हणायचं.

३० नोव्हेंबर

तारेचा प्रयोग. बोटाने छेडलं तर दर वेळी वेगळं. एक जुनी युक्ती वापरली: बारीक तांब्याची वायर तारेखालून अडकवून दोन्ही टोकं एकत्र सरळ वर ओढायची, ती तुटेपर्यंत. वायर नेहमी जवळपास एकाच ताणाला तुटते, त्यामुळे तार दर वेळी तेवढ्याच जोराने सुटते. रिळावरची ४६ नंबरची वायर इथेही कामाला आली; दुपदरी केल्यावर साधारण दीडशे ग्रॅमला तुटते. तांबं चुंबकाला चिकटत नाही हा आणखी फायदा.

जागा: नेक पिकअप, सहावी तार, बारावा फ्रेट. ही जागा मुद्दाम. या गिटारची तार ब्रिजपासून ६४८ मिमी लांब. बाराव्या फ्रेटवर दाबली की ३२४ उरते आणि तिचा मध्य ब्रिजपासून १६२ मिमीवर येतो, म्हणजे जवळपास नेक पिकअपच्या कांड्यांवरच. तार जिथे सगळ्यात मोठा झोका घेते तिथेच चुंबक तिला खाली ओढतो आहे. आतेभावाची तक्रार याच जागेवरून सुरू होते, यात नवल नाही.

पूर्ण भरलेला अल्निको ५, तार कांडीपासून २ मिमीवर: रेकॉर्डिंगमध्ये सूर सेकंदाला साधारण एकदा फुगतो आणि ओसरतो. कारण असं: उभ्या दिशेने हलताना चुंबकाची ओढ तारेचा ताठपणा थोडा कमी करते, त्या दिशेची फ्रिक्वेन्सी उतरते, आडव्या दिशेची जवळपास तशीच राहते. एकाच तारेत दोन जवळजवळचे सूर, म्हणून डोल.

१ डिसेंबर

काल जे सुरू केलं ते आज पूर्ण. तीच तार, तेच २ मिमी, निम्मा अल्निको ५. आवाज साधारण ६ डेसिबलने उतरला, म्हणजे सिग्नल निम्मा. अपेक्षित. पण डोल जवळजवळ गेला. चार सेकंदांत एक, आणि तोवर सूर विरतो.

हे का, ते कागदावर लगेच येतं. सिग्नल तारेतल्या चुंबकत्वाच्या प्रमाणात असतो, म्हणजे जोर निम्मा तर सिग्नल निम्मा. ओढ मात्र दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते, चुंबकाचं क्षेत्र आणि त्याने तारेत भरलेलं चुंबकत्व, आणि इथे दोन्ही निम्मी झाली. ओढ चौथाई.

मग मला वाटणारा दुसरा, सोपा उपाय: चुंबक पूर्ण भरलेलाच ठेवून पिकअप स्क्रूने खाली उतरवायचा. सगळे आधी तेच सुचवतात. उतरवत गेले आणि डोल निम्म्या चुंबकाइतका मंद झाला तेव्हा थांबले. अंतर ३.२ मिमी. सिग्नल मोजला: मूळच्यापेक्षा ११ डेसिबल खाली.

सहा विरुद्ध अकरा. लांब गेल्यावर तारेत भरलं जाणारं चुंबकत्व कमी होतं, आणि त्या तारेच्या हालचालीचा कॉइलवर पडणारा प्रभावही कमी होतो. दोनदा मार बसतो. सिग्नल आणि ओढ मग जवळपास एकाच प्रमाणात घसरतात. चुंबक कमजोर केला तर तार कॉइलच्या जवळच राहते आणि ओढ सिग्नलच्या दुप्पट वेगाने, डेसिबलच्या हिशेबात, उतरते. ज्याला डोल घालवायचा आहे त्याने आधी पिकअप खाली करून पाहावा हे खरंच. ते फुकट आहे. पण खाली करून आवाज मलूल झाला असेल तर चुंबक उतरवून पिकअप पुन्हा वर आणणं हा जास्त चांगला सौदा आहे.

एक किंमत मात्र आहे आणि ती सांगायलाच हवी. सिंगल कॉइलची घुर्र, म्हणजे घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची, ती कॉइल पकडते, चुंबक नाही. चुंबक निम्मा केला तरी घुर्र तेवढीच. सिग्नल ६ डेसिबल उतरला की घुर्र त्याच्या तुलनेत तेवढी वर येते. ॲम्प्लिफायर वाढवून भागत नाही, दोन्ही वाढतात.

८ डिसेंबर

"जोरदार चुंबकाचा आवाज आक्रमक असतो" या दाव्याचा एक भाग उरला होता. सुरुवातीच्या क्षणाला जो खरखरीतपणा ऐकू येतो तो कुठून येतो?

इथे बाराव्या फ्रेटची जागा पुन्हा उपयोगी पडली. तारेच्या मध्यावर दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या कंपनाचा, निश्चल बिंदू असतो. तिथे त्या हार्मोनिकसाठी तार जवळजवळ हलत नाही. म्हणून मध्यावरच्या पिकअपमध्ये दुसरा हार्मोनिक मोठा दिसला तर त्यातला बराच भाग पिकअपने स्वतः घडवलेला असतो. तार कांडीकडे येते तेव्हा क्षेत्र झपाट्याने वाढतं, दूर जाते तेव्हा हळू कमी होतं, या विषमतेतून.

२ मिमीवर तो स्पष्ट दिसतो. ३.२ मिमीवर बराच दबतो. आणि २ मिमीवर निम्म्या चुंबकाने? मूळ सुराच्या तुलनेत होता तेवढाच. म्हणजे तो खरखरीत, जवळून बोलल्यासारखा पोत जवळिकीचा आहे, जोराचा नाही. निम्म्या चुंबकाने तो शाबूत राहतो. मला या नोंदींतला हा सगळ्यात आवडलेला निकाल.

१४ डिसेंबर

आतेभाऊ आला. रेकॉर्डिंग आधीच केलेली होती, संगणकावर सगळ्यांची पातळी समान केली आणि नाव न सांगता ऐकवली. पातळी समान करणं अत्यावश्यक: दोन आवाजांत जो मोठा तो कानाला जास्त भरदार आणि जास्त चकचकीत वाटतोच.

क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजात, गिटारच्या दांड्याच्या खालच्या फ्रेटवर, पूर्ण आणि निम्मा अल्निको ५ त्याला ओळखता आले नाहीत. बाराव्या फ्रेटच्या वर लगेच ओळखले आणि निम्मा निवडला: "हा सरळ उभा राहतो." अल्निको २ कॉर्डवर किंचित झाकलेला वाटला, ते वक्र पाहता बरोबर आहे. मग मी त्याला अल्निको ५ च ऐकवला, पण भार थोड्या जास्त कपॅसिटरचा करून. "हा पण २ आहे ना?"

मग पातळी समान न करता, त्याच्या ॲम्प्लिफायरवर, आवाज फाटायच्या बेताला आणून वाजवलं. इथे मात्र चुंबकाचा जोर राजा आहे. पूर्ण चुंबकाने ॲम्प्लिफायर करकरतो, निम्म्याने स्वच्छ राहतो आणि जोरात छेडलं तरच फाटतो. ६ डेसिबल कमी सिग्नल म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हला निम्मं व्होल्टेज. "मऊ" हा शब्द त्याने इथे पहिल्यांदा वापरला. मला वाटतं, अल्निको २ च्या मऊपणाच्या ख्यातीचा मोठा वाटा या जागेवर तयार झालेला आहे, फाटणाऱ्या ॲम्प्लिफायरसमोर.

१५ डिसेंबर

त्याने येताना एका स्वस्त गिटारचा बंद पडलेला पिकअप आणला होता. उघडला. सहा साध्या पोलादी कांड्या आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक पट्टी. सिरॅमिक स्वतः विजेला वाहू देत नाही आणि गाभ्याचं कामही करत नाही. पण ते काम इथे पोलाद करतं, आणि अल्निकोपेक्षा कितीतरी जास्त. इंडक्टन्स वाढतो, शिवाय पोलादात फिरणारे भोवरा प्रवाह उंचवटा बोथट करतात. अशा पिकअपचा स्वभाव पट्टीच्या नावावर खपवणं मला अन्यायाचं वाटतं.

२१ डिसेंबर

आता त्याच्या गिटारचं काम. पिकअप फायबर बॉबिनचे, कांड्या काढायच्या नाहीत, जागेवरच उतरवायच्या.

ठरवलेलं असं. नेक निम्म्यावर, उंची २ मिमीच. त्या जागी तारेचा झोका मोठा असल्यामुळे नेक मुळातच ब्रिजपेक्षा मोठा वाजत होता, तोही तोल आपोआप सुधारला. मधला सुमारे तीन चतुर्थांशावर. तो उलट ध्रुवाचा आणि उलट गुंडाळलेला आहे, म्हणूनच स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी घुर्र कटते. ठोकळ्याची बाजू बदलून घेतली आणि काम झाल्यावर ध्रुव होकायंत्राने तपासला. तिसऱ्या तारेची कांडी सगळ्यांत उंच आहे, ती पन्नाशीच्या दशकातल्या गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठीची रचना. आजच्या साध्या तिसऱ्या तारेला ती फार मोठी करते. तेवढी एक कांडी थोडी जास्त उतरवली. कांड्या न हलवता तारांचा तोल साधण्याचा हा उत्तम मार्ग निघाला.

ब्रिजच्या चुंबकाला हातही लावला नाही. जुन्या वायरिंगप्रमाणे या गिटारमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा पॉटच जोडलेला नसतो. दुसरे दोन पिकअप त्या २५० किलोओहमच्या भाराने थोडे शांत होतात, ब्रिज उघडा राहतो. स्विचवर एक छोटी जम्पर वायर टाकून खालचा टोन पॉट ब्रिजलाही जोडला. पॉट पूर्ण उघडा ठेवला तरी उंचवट्याची धार उतरते, आणि हवं तेव्हा आणखी उतरवता येते.

२२ डिसेंबर

गिटार परत दिली. पिकअपच्या पाठीवर कागदी पट्ट्या चिकटवल्या आहेत: १ मिमीवरचे गॉस, इंडक्टन्स, रेझिस्टन्स, तारीख. कोणाला मूळ जोर परत हवा असेल तर व्हाइस आणि दोन ठोकळे पुरतील. नवीन सेट घेतला नाही. त्या पैशांतून त्याने एक चांगली ३ मीटरची केबल घेतली आणि बाकीच्या केबल त्या गिटारला लावायच्या नाहीत असं ठरलं. त्याच्या मित्राचा हंबकर पुढच्या महिन्यात येतो आहे. त्यात चुंबकाची पट्टी कॉइलच्या खाली असते आणि गाभा पोलादी स्क्रूंचा; तिथे पट्टीची प्रत बदलून इंडक्टन्स किती हलतो ते मोजायचं आहे. हॉल सेन्सरवरचा प्लास्टिकचा तुकडा तसाच ठेवते.